जुन्या लष्करी काडतूस-पेट्यांचा संग्रह: आधी पेटी वाचा, मग भाव ठरवा

लष्करी दारूगोळ्याच्या जुन्या पेट्या जमवायला लागलेला माणूस सुरुवातीला पेटीचा दणकटपणा बघतो. पत्रा जाड आहे का, कडी घट्ट बसते का, लाकूड कुठे कुजलंय का, हे सगळं तपासायलाच हवं. पण जाणकार संग्राहक पैसे मोजतो ते पेटीवरच्या मजकुरासाठी. पत्र्यात उठवलेली अक्षरं, स्टेन्सिलने मारलेल्या ओळी, तपासनिसाचा शिक्का आणि एकावर एक चढलेले रंगाचे थर हा त्या पेटीचा सगळा इतिहास असतो. तो घासून काढला की हातात एक मजबूत डबा उरतो, आणि मजबूत डबे बाजारात ढिगाने मिळतात. म्हणून या लेखात जास्त जागा मी पेटी वाचण्याला दिली आहे. भाव ठरवणं त्यातूनच येतं.

पेटी रिकामी आहे याची खात्री

हे काम सगळ्यात आधी, घासाघीस सुरू करण्याच्याही आधी. बहुतेक देशांत रिकामी पेटी बाळगायला परवाना लागत नाही, पण आत राहिलेलं एक जिवंत काडतूसही कायद्याच्या दृष्टीने वेगळी बाब ठरतं. आपल्या देशातला नियम काय आहे हे खरेदीपूर्वी बघून घ्या. नाझी चिन्हं असलेल्या जर्मन पेट्यांबाबत आणखी एक काळजी: खुद्द जर्मनीत ती चिन्हं सार्वजनिक ठिकाणी दाखवण्यावर कायद्याने निर्बंध आहेत.

बंद पेटी हलवून आत काय वाजतंय हे बघू नका. विकणाऱ्यालाच ती उघडायला सांगा. तोफगोळ्यांच्या आणि मॉर्टरच्या पेट्यांमध्ये जाड पुठ्ठ्याच्या नळ्या असतात. प्रत्येक नळीत टॉर्च मारून बघा. लाकडी पेटीच्या तळाच्या फटींत दारूचे काळे-राखाडी दाणे अडकलेले दिसले तर ती पेटी तिथेच सोडा. ब्रिटिश पेट्यांवर कधीकधी ‘एफ.एफ.ई.’ असा शिक्का किंवा चिठ्ठी सापडते. पेटी तपासली असून आत स्फोटक उरलेलं नाही, असा त्याचा अर्थ. तो शिक्का असला तरी स्वतः बघायचं ते बघाच, कारण शिक्क्यानंतर पेटी कितीतरी हातांतून गेलेली असते.

आत खरोखरच काही सापडलं, तर हात न लावता माणसांना दूर करा आणि पोलिसांना कळवा. उचलून बाहेर नेऊन ठेवण्याचं धाडस कुणीही करू नये.

आणखी एक धोका दिसत नाही म्हणून विसरला जातो. जुन्या लष्करी रंगांत शिसं असू शकतं. लाकडी पेट्यांना कीड आणि बुरशी लागू नये म्हणून पेंटाक्लोरोफिनॉलसारखी विषारी रसायनं पाजली जात. अशी पेटी कोरडी घासायची नाही, तिचं लाकूड जाळायचं नाही, आणि तिच्यात धान्य किंवा मुलांची खेळणी ठेवायची नाहीत. लाकडाला फिकट हिरवी झाक असेल तर बहुधा ताम्रयुक्त संरक्षक वापरलेलं असतं.

काय जमवायचं ते ठरवा

दिसेल ती पेटी घेत गेलात तर घर भरेल, पण संग्रह होणार नाही. एक धागा धरा: एखादा देश, एखादं युद्ध, एखाद्या बंदुकीचा दारूगोळा किंवा एकाच प्रकारच्या डब्याचे सगळे उत्पादक. नवख्याने अमेरिकन पत्र्याच्या डब्यांपासून सुरुवात करावी असं मला वाटतं. ते मुबलक आहेत, त्यांच्यावर मजकूर भरपूर असतो आणि चुकीची खरेदी झाली तरी फार नुकसान होत नाही.

या डब्यांचं कुटुंब समजायला सोपं आहे. दुसऱ्या महायुद्धात पॉइंट ३० कॅलिबरसाठी (कॅलिबर म्हणजे गोळीचा व्यास, इथे इंचांत) एम१ आणि पॉइंट ५० कॅलिबरसाठी एम२ हे डबे आले. त्यांच्या सुधारित पिढीत एम१९ए१ आणि एम२ए१ आले. हे दोन्ही आजही सगळीकडे दिसतात. एम१९ए१ अरुंद असतो आणि त्यात ७.६२ मिलिमीटरच्या पट्ट्यातली २०० काडतुसं मावतात. एम२ए१ रुंद असतो आणि त्यात पॉइंट ५० ची १०० काडतुसं मावतात. महायुद्धातल्या एम१ डब्याच्या अंगावर पत्र्यातच उठवलेलं ज्वालाधारी बाँबचं चिन्ह असतं. अमेरिकन ऑर्डनन्स (शस्त्र-दारूगोळा) विभागाचं ते चिन्ह, आणि गंजाखालूनही ते बोटाला लागतं.

जर्मन बाजूला एम.जी. ३४ आणि एम.जी. ४२ या मशिनगनच्या पट्ट्यांचे डबे आहेत. सुरुवातीचे ॲल्युमिनियमचे होते, पुढे पोलादी झाले. ७.९२ मिलिमीटरच्या काडतुसांची जर्मन लाकडी पेटी १,५०० नगांची असे. १५ काडतुसांची पुडकी, अशी २० पुडकी एका खोक्यात, आणि अशी पाच खोकी एका पेटीत. आतली पुठ्ठ्याची खोकी टिकली असतील तर पेटीचं मोल बरंच वाढतं. सोव्हिएत पद्धत वेगळी. त्यांनी काडतुसं जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या बंद डब्यांत झाळून ठेवली. त्यांच्या लांब ७.६२ च्या ४४० काडतुसांचा एक डबा, आणि लाकडी पेटीत असे दोन. हे डबे कापून उघडायला लागणारं पातं पेटीतच ठेवलेलं असे. आज रिकाम्या पेटीसोबत ते पातं क्वचितच मिळतं.

आणि ज्यांना जुनं हवं त्यांच्यासाठी व्हिक्टोरियन काळातली ब्रिटिश पेटी आहे. महोगनीचं लाकूड, तांब्याच्या पट्ट्या, आत कथलाचं अस्तर आणि वर पाचरीसारखं सरकतं झाकण, ते धरून ठेवणारा फक्त एक पितळी स्क्रू. मार्टिनी-हेन्री बंदुकीच्या ६०० गोळ्या या पेटीत मावत. २२ जानेवारी १८७९ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या इसांडलवाना इथे झुलू सैन्याने ब्रिटिशांचा पराभव केला, तो पेट्या वेळेवर उघडता न आल्यामुळे, अशी कथा पुढे अनेक वर्षं सांगितली गेली. पेटीची रचना बघितली की ती कथा पटत नाही. झाकणाच्या कडेवर बंदुकीच्या दस्त्याचा जोरदार फटका बसला की तो एकटा स्क्रू वाकतो आणि झाकण सुटतं. त्या रणभूमीवर असे वाकलेले स्क्रू सापडलेही आहेत. पेटी हातात घेऊन तिच्याकडून इतिहास तपासता येतो, याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पेटीला दोन जन्मतारखा असतात

नवख्याचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. पत्र्यात दाबून उठवलेली किंवा लाकडात डागलेली अक्षरं पेटी बनवणाऱ्याची असतात. रंगाने छापलेल्या ओळी दारूगोळा भरणाऱ्याच्या असतात. लष्करात चांगला डबा फेकत नाहीत; तो परत येतो, रंगवला जातो आणि पुन्हा भरला जातो. त्यामुळे उठावाच्या अक्षरांत एक साल आणि रंगातल्या ओळीत पंचवीस वर्षांनंतरचं साल असं दिसणं अगदी नेहमीचं आहे. त्यात लबाडी नाही. मात्र विक्रेता फक्त जुनं साल सांगत असेल, तर रंगातली ओळही वाचून घ्या.

आता एम१९ए१ ची बाजू जवळून बघू. पिवळ्या रंगात वरून खाली साधारण असा मजकूर असतो: ‘२०० कार्ट्रिजेस’, ‘७.६२ एम.एम. नाटो’, ‘लिंक्ड एम१३’, ‘४ बॉल एम८०, १ ट्रेसर एम६२’ आणि शेवटी ‘लॉट’ (एकत्र बनवलेल्या मालाच्या गटाचा क्रमांक). म्हणजे २०० काडतुसं, एम१३ नावाच्या धातूच्या कड्यांनी पट्ट्यात गुंफलेली, आणि दर चार साध्या गोळ्यांमागे एक उजेडाची रेघ सोडणारी. हा माल मशिनगनसाठी होता हे एवढ्यावरून कळतं. जोडीला वर्तुळातल्या अधिक चिन्हासारखी खूण असेल तर ती नाटोच्या प्रमाणित दारूगोळ्याची. नाटो १९४९ मध्ये स्थापन झाली आणि ७.६२ चं हे काडतूस १९५४ मध्ये प्रमाण ठरलं. त्यामुळे ही ओळ असलेला डबा ‘महायुद्धात भरलेला’ म्हणून कुणी पुढे केला, तर बोलणं तिथेच थांबवा.

लॉटची ओळ खजिना आहे. सुरुवातीची अक्षरं कारखान्याची: ‘एलसी’ म्हणजे मिसुरी राज्यातला, १९४१ मध्ये उभा राहिलेला लेक सिटीचा कारखाना, ‘टीडब्ल्यू’ म्हणजे ट्विन सिटीज, ‘एफए’ म्हणजे फ्रँकफर्ड आर्सेनल. जुन्या लॉटमध्ये पुढे नुसता क्रमांक असतो. नंतरच्या पद्धतीत दोन आकडे सालाचे आणि एक अक्षर महिन्याचं. ‘ए’ म्हणजे जानेवारी, ‘बी’ फेब्रुवारी, याच क्रमाने पुढे. ‘आय’ हे अक्षर गाळलेलं आहे, म्हणून ऑगस्ट ‘एच’ आणि सप्टेंबर ‘जे’. ‘एलसी-८६डी’ असं वाचलंत की लेक सिटी, एप्रिल १९८६ एवढं हातात आलं.

त्याखाली साठा क्रमांक असतो. नाटोच्या पद्धतीचा हा क्रमांक १३ आकडी आहे. १९७४ पूर्वी अमेरिकेत ११ आकडी चालत असे. नुसते आकडे मोजूनच काळाची एक सीमा मिळते. १३ आकडी क्रमांकातले पहिले चार आकडे वस्तूचा वर्ग सांगतात. १३०५ म्हणजे लहान कॅलिबरचा दारूगोळा, ८१४० म्हणजे दारूगोळ्याची पेटी किंवा वेष्टण. त्यापुढचे दोन आकडे देशाचे: ०० किंवा ०१ अमेरिका, ९९ ब्रिटन, १२ जर्मनी, २१ कॅनडा.

ब्रिटिश परंपरेतल्या पेट्यांवर बाणाची खूण शोधा. तीन रेषांचा तो रुंद बाण म्हणजे सरकारी मालमत्ता. कॅनडाने तो ‘सी’ अक्षरात बसवला, ऑस्ट्रेलियाने दोन ‘डी’ अक्षरांच्या मध्ये ठेवला, भारतीय साठ्यावर त्याच्यासोबत ‘आय’ येतो. दोन बाण टोकाला टोक लावून काढलेले दिसले तर माल सेवेतून काढून रीतसर विकला गेला होता असं समजा. अनेकांना हा डाग वाटतो. मला तर तो पेटी सरळ मार्गाने बाहेर आल्याचा पुरावा वाटतो, आणि मी अशा पेटीला पसंती देतो.

जर्मन पेट्यांवर कारखान्याचं नाव लपवण्यासाठी वापरलेले छोटे अक्षरी संकेत आणि शस्त्र-तपासणी कार्यालयाचा गरुडाचा शिक्का असतो. सोव्हिएत डब्यांवर कारखान्याचा क्रमांक येतो: १७ बर्नाउल, १८८ नोवोसिबिर्स्क, ३ उल्यानोव्स्क, ६० फ्रुंझे (आजचं बिश्केक). हे मोजके आकडे पाठ असले की डब्यांच्या ढिगातून हवा तो काढायला फार वेळ लागत नाही.

नवा रंग, जुनं नाव

पूर्ण बनावट पेटी बनवण्यात फारसा फायदा नसतो. साध्या पेटीवर महाग पेटीचा मजकूर छापण्यात असतो, म्हणून खोटेपणा बहुधा रंगात सापडतो. भिंग घ्या आणि एखादा खोल ओरखडा शोधा. खऱ्या पेटीवर ओरखडा अक्षर आणि खालचा रंग दोन्ही कापत गेलेला असतो. अक्षराचा रंग ओरखड्याच्या आत उतरलेला दिसला तर अक्षर नंतरचं. गंजावर बसलेलं स्टेन्सिलही तसंच.

बाकीच्या खुणा लवकर कळतात. फिलिप्स स्क्रूची पेटंटं १९३६ ची आहेत. पहिल्या महायुद्धाच्या म्हणवणाऱ्या पेटीत अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू असतील तर निदान ते तरी बदललेले आहेत. बाहेरचं लाकूड काळवंडलेलं आणि आतून ताजं पिवळं, हा रंग पाजून केलेला म्हातारपणा. झाकणाचे घर्षणाचे चट्टे जिथे कडी खरोखर घासते तिथेच पडलेले असावेत. सजावटीसाठी नव्याने बनणाऱ्या पेट्यांवर मोठ्या ठसठशीत अक्षरांत एखादा भारदस्त शब्द असतो, पण कॅलिबर, संख्या, लॉट यातलं काहीच नसतं. लष्कराला मात्र हेच हवं असतं.

लष्कराने सेवेत असतानाच दिलेला दुसरा-तिसरा रंग हा दोष मानू नये. कडेला थोडा रंग उडालेला असेल तिथे थर मोजता येतात, आणि वरच्या थराखाली जुन्या मजकुराची पुसट रेषा दिसली तर ती पेटी मी सोडत नाही.

हालत कशी तपासायची

पत्र्याच्या डब्यात तळाचे चार कोपरे आधी. पाणी तिथे साचतं. बोटाने दाबून पत्रा देतो का बघा. वरवरचा तपकिरी गंज चालतो, पापुद्रे सुटत असतील तर नाही. एम२ए१ चं झाकण अर्धवट उघडून बाजूला सरकवलं की बिजागरीतून निघतं, त्यामुळे डबा एकाचा आणि झाकण दुसऱ्याचं असं खूप होतं. दोन्हींचा रंग, झीज आणि उत्पादकाचा ठसा जुळतोय का पाहा. रबरी गास्केट तपासायला कागदाची पट्टी झाकणात अडकवून ओढा. चारही बाजूंना ती अडली पाहिजे. संग्राहकासाठी कडक झालेलं मूळ गास्केट नव्यापेक्षा बरं.

लाकडी पेटीत कोपऱ्यांचे सांधे, मूळ खिळे, दोरीची हँडल्स आणि आतलं पत्र्याचं अस्तर बघा. पेटी उलटी करून बारीक लाकडाचा भुसा पडतोय का तेही पाहा. ताजा, फिकट भुसा म्हणजे कीड जिवंत आहे.

भाव कसा काढायचा

पहिला नियम: मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत फरक करा. ऑनलाइन लिलावांच्या ठिकाणी विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी वेगळी बघता येते. तीच वापरा. तोच नमुना, तोच काळ, शक्यतो तोच उत्पादक असलेल्या सहा-सात विक्री शोधा. सर्वांत वरची आणि सर्वांत खालची बाजूला ठेवा, कारण दोन हट्टी ग्राहक भिडले की भाव भलतीकडेच जातो. उरलेल्यांतला मधला भाव हा तुमचा पाया.

मग पायावरून खाली-वर या. मी स्वतः असा विचार करतो: पाया १०० धरला आणि पेटी खाजगी हातांनी पूर्ण रंगवलेली असेल, तर तिचा संग्रहमूल्याचा हिशेब संपला, साध्या वापराच्या डब्याचा भाव द्यायचा. मजकूर अर्धा गेला असेल पण कॅलिबर आणि लॉट वाचता येत असतील तर ८० पर्यंत ठीक. व्हिक्टोरियन किंवा पहिल्या महायुद्धातल्या पेटीतलं अस्तर नसेल तर मी ६० च्या वर जात नाही. उलट आतली रिकामी खोकी, पॅकिंगची चिठ्ठी, उघडायचं पातं यांतलं काही त्याच पेटीचं असल्याचं लॉट जुळवून दाखवता आलं, तर १५० देखील महाग नाही.

दुर्मिळता एकटी भाव चढवत नाही. एखाद्या छोट्या कारखान्याचा डबा खरोखर कमी असेल, पण तो शोधणारे चारच लोक असतील, तर तो स्वस्तच विकला जाईल. तुम्ही त्या चारांपैकी असाल तर ही तुमच्यासाठी आनंदाची गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या नंतरचे एम२ए१ मात्र प्रचंड संख्येने बनले. तुमचा डबा कितीही स्वच्छ असला तरी त्यातून मोठी रक्कम निघेल ही आशा ठेवू नका. तो चांगला सोबती आहे, अभ्यासाला उत्तम आहे, तेवढ्यासाठी घ्या.

विक्रेत्याच्या कहाणीचे पैसे देऊ नका. ‘आजोबांनी नॉर्मंडीहून आणली’ हे खरं असू शकतं, पण भावात ते तेव्हाच धरायचं जेव्हा सोबत पत्र, फोटो किंवा पेटीवर लिहिलेलं नाव-क्रमांक असेल. आणि पोचवणुकीचा खर्च आधी विचारा. लाकडी पेटी जड आणि अवघड आकाराची असते, वाहतूक कधीकधी पेटीइतकीच पडते. सगळा खर्च धरून पडलेली किंमत हीच खरी खरेदी किंमत.

घरी आणल्यावर

पहिलं काम फोटो. सहाही बाजू, आतला तळ, प्रत्येक ठसा. टॉर्च बाजूने तिरकी धरली की पुसट उठाव उजळतात. त्यानंतर वहीत नोंद: कुठून, केव्हा, किती रुपयांना किंवा डॉलरना, आणि वाचता आलेला सगळा मजकूर जसाच्या तसा.

साफसफाई जितकी कमी तितकी बरी. मऊ ब्रश, मग किंचित ओलं फडकं. साबणाचं पाणी आधी तळाच्या कोपऱ्यात लावून बघा. स्टेन्सिलचा रंग कधीकधी त्यानेही सुटतो. तारेचा ब्रश आणि रंगकाढू द्रव या दोन गोष्टी संग्रहाच्या खोलीत आणूच नयेत. उघड्या पत्र्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात पुरतो. छापील अक्षरांवर जवसाचं तेल चोळू नका, ते काळं पडतं आणि अक्षरं त्याखाली बुडतात. कीड लागलेली लहान पेटी प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवली की रसायनाशिवाय काम होतं. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत प्लास्टिक उघडायचं नाही, नाहीतर लाकडावर दव धरतं.

पेट्या जमिनीवर थेट ठेवू नका, खाली पट्ट्या द्या. पत्र्याचे डबे गास्केट लावून कायमचे बंद ठेवले तर आतली दमट हवा आतच राहते, म्हणून सिलिका जेलची पुडी टाका किंवा झाकण सैल ठेवा.

कधी पेटी विकायची किंवा पाठवायची झाली, तर एक अडचण येते. टपाल आणि कुरिअर खाती स्फोटकांच्या खुणा उघड दिसणारं पार्सल नाकारतात, आणि ते बरोबरच आहे. त्यावर काही जण स्फोटकाची सूचना देणारी नारिंगी चौकट खरवडून काढतात किंवा काळा रंग मारतात. तसं करू नका. पेटी साध्या जाड खोक्यात घाला, चारही बाजूंनी भर द्या, झाकण उघडून आत काही नसल्याचा फोटो चिठ्ठीसोबत ठेवा, आणि पावतीवर ‘रिकामी जुनी पेटी’ असं स्वच्छ लिहा.